शीघ्रप्रभावी इन्सुलिनचा प्रभावकाल

शीघ्रप्रभावी इन्सुलिन हा मधुमेहाच्या उपचारात प्रामुख्याने जेवणाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या इन्सुलिनचा एक वर्ग आहे. लिस्प्रो, अस्पार्ट आणि ग्लुलिसिन ही या वर्गातील तीन प्रमुख औषधे होत. त्वचेखाली टोचल्यानंतर या औषधाचा परिणाम केव्हा सुरू होतो, केव्हा सर्वाधिक असतो आणि केव्हा संपतो, या तीन गोष्टींच्या एकत्रित वर्णनास त्या इन्सुलिनचा प्रभावकाल म्हणतात. साधारणपणे शीघ्रप्रभावी इन्सुलिनचा परिणाम १० ते २० मिनिटांत सुरू होतो, १ ते ३ तासांच्या दरम्यान शिखरावर पोहोचतो आणि ३ ते ५ तासांपर्यंत टिकतो.

समाजमाध्यमे, चित्रफिती आणि आंतरजालावरील आरोग्यविषयक मजकुरात या तीन आकड्यांपैकी बहुधा पहिलाच सांगितला जातो. 'हे इन्सुलिन पंधरा मिनिटांत काम करते' या वाक्याचा अर्थ अनेक वाचक 'पंधरा मिनिटांत साखर खाली येते' असा घेतात. प्रत्यक्षात पंधरा मिनिटे हा परिणामाचा केवळ आरंभ असतो. या गैरसमजातून पहिल्या मात्रेचा परिणाम पूर्ण होण्याआधीच दुसरी मात्रा घेतली जाण्याची शक्यता असते, आणि तिची परिणती रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्यात होऊ शकते.

संज्ञा

इन्सुलिनच्या प्रभावाचे वर्णन करताना पुढील संज्ञा वापरल्या जातात.

• रक्तप्रवेश : टोचलेले इन्सुलिन रक्तात मोजता येईल इतक्या प्रमाणात पोहोचण्याचा क्षण.
• प्रारंभ : रक्तशर्करा कमी करण्याचा परिणाम प्रथम मोजता येण्याचा क्षण.
• शिखर : हा परिणाम सर्वाधिक असण्याचा काळ.
• समाप्ती : परिणाम संपून स्थिती पूर्ववत होण्याचा क्षण.
• सक्रिय इन्सुलिन : आधी घेतलेल्या मात्रेपैकी ज्याचा परिणाम अजून व्हायचा आहे असा शेष भाग.

रक्तप्रवेश आणि प्रारंभ या दोन भिन्न घटना आहेत. दिशाभूल करणारे बरेचसे दावे या दोहोंची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

इतिहास

१९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बॅंटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनचा अर्क मिळवला. जेम्स कॉलिप यांनी त्याच्या शुद्धीकरणाचे काम केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. १९२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॅंटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले.

त्या काळचे इन्सुलिन काही तासच टिकत असे, त्यामुळे रुग्णाला दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागे. म्हणून पुढील काही दशके संशोधकांचा भर इन्सुलिनचा परिणाम लांबवण्यावर राहिला. १९३६ मध्ये डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांनी इन्सुलिनला प्रोटामिन या प्रथिनाची जोड देऊन त्याचे शोषण मंद केले.

१९८२ मध्ये जनुकीय अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. मात्र मानवी इन्सुलिन त्वचेखालून रक्तात जाण्यास वेळ लागतो आणि जेवणानंतर साखर त्याआधीच वाढू लागते, ही अडचण कायम राहिली. तेव्हा रेणूच्या रचनेत बदल करून शोषण जलद करण्याचे प्रयत्न झाले. त्यातून १९९६ मध्ये लिस्प्रो अमेरिका व युरोपात मान्यता पावले. अस्पार्टला युरोपात १९९९ मध्ये व अमेरिकेत २००० मध्ये, तर ग्लुलिसिनला २००४ मध्ये मान्यता मिळाली. पुढे याच रेणूंमध्ये साहाय्यक द्रव्ये मिसळून आणखी जलद रूपे तयार करण्यात आली. निकोटिनामाइडयुक्त अस्पार्ट ('फियास्प') २०१७ मध्ये, तर ट्रेप्रोस्टिनिल व सायट्रेटयुक्त लिस्प्रो ('ल्युमजेव्ह') २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. या दोहोंना अतिशीघ्रप्रभावी इन्सुलिन म्हटले जाते.

रेणुरचना आणि शोषण

इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा असतो. त्यात २१ अमिनो आम्लांची 'ए' साखळी आणि ३० अमिनो आम्लांची 'बी' साखळी असते. औषधाच्या द्रावणात हे रेणू सुटे राहत नाहीत. जस्ताच्या साहाय्याने सहा-सहा रेणू एकत्र येऊन त्यांचे षट्क बनते. षट्क आकाराने मोठे असल्यामुळे ते केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज पार होत नाही. त्वचेखाली त्याचे विघटन होऊन आधी द्विके व मग एकेकटे रेणू सुटे व्हावे लागतात. मानवी इन्सुलिनला उशीर होतो तो मुख्यतः या विघटनामुळे.

शीघ्रप्रभावी रूपांमध्ये 'बी' साखळीत अल्पसे बदल केलेले असतात. लिस्प्रोमध्ये २८ व्या स्थानावरील प्रोलिन आणि २९ व्या स्थानावरील लायसिन यांची अदलाबदल केलेली आहे. अस्पार्टमध्ये २८ व्या स्थानावरील प्रोलिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल असते. ग्लुलिसिनमध्ये ३ ऱ्या स्थानी लायसिन व २९ व्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. या बदलांमुळे रेणूंची परस्परांना धरून राहण्याची प्रवृत्ती कमी होते आणि ते लवकर सुटे होतात.

म्हणजेच या औषधांचे शीघ्रत्व त्वचेखालून रक्तापर्यंतच्या प्रवासात आहे, साखर कमी करण्याच्या शक्तीत नाही. ही औषधे थेट शिरेतून दिल्यास साधे मानवी इन्सुलिन आणि शीघ्रप्रभावी इन्सुलिन यांच्या वेगात व्यवहारतः फरक उरत नाही. शक्तीच्या दृष्टीने शीघ्रप्रभावी इन्सुलिनचे १ एकक हे मानवी इन्सुलिनच्या १ एककाएवढेच असते.

रक्तात पोहोचल्यावरही परिणाम तत्काळ दिसत नाही. इन्सुलिनला केशवाहिन्यांतून बाहेर पडून स्नायू व मेदपेशींपर्यंत जावे लागते आणि तेथील ग्राहींना चिकटावे लागते. त्यानंतर पेशींमधील ग्लुकोजवाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात व ग्लुकोज आत घेतले जाऊ लागते. दुसरीकडे यकृतातून होणारा ग्लुकोजचा पुरवठाही हळूहळू कमी व्हावा लागतो. या साखळीमुळे साखरेवरील परिणाम रक्तातील इन्सुलिनच्या पातळीच्या मागे पडतो. रक्तातील पातळी सुमारे तासाभरात सर्वाधिक झाली, तरी साखरेवरील सर्वाधिक परिणाम त्यानंतर दिसतो. रक्तातील पातळी ओसरल्यावरही पेशींमधील परिणाम काही काळ चालू राहतो.

प्रभावकाल मोजण्याची पद्धत

प्रभावकालाचे आकडे ग्लुकोज क्लॅम्प नावाच्या प्रयोगातून मिळतात. ही पद्धत राल्फ डिफ्रोंझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सविस्तर वर्णिली. उपाशी असलेल्या व्यक्तीला इन्सुलिन टोचतात आणि तिची रक्तशर्करा ठरावीक पातळीवर स्थिर राहील अशा बेताने शिरेतून ग्लुकोज देत राहतात. साखर स्थिर ठेवण्यासाठी दर मिनिटाला किती ग्लुकोज द्यावे लागले, त्यावरून त्या क्षणी इन्सुलिनचा परिणाम किती आहे हे कळते. या नोंदींचा आलेख डोंगरासारखा दिसतो. आधी चढ, मग माथा आणि मग लांबत जाणारा उतार.

हे आकडे वाचताना तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ते अनेक व्यक्तींची सरासरी असतात. दुसरी, ते विशिष्ट मात्रेपुरते असतात, कारण मात्रा वाढली की परिणाम अधिक काळ टिकतो. तिसरी, प्रयोगातील व्यक्ती उपाशी व विश्रांत असते, तर प्रत्यक्ष जीवनात तीच व्यक्ती जेवलेली, चालत असलेली, तापाने आजारी किंवा मानसिक ताणाखाली असू शकते.

प्रकारानुसार प्रभावकाल

पुढील आकडे त्वचेखाली टोचावयाच्या इन्सुलिनबाबत असून ते स्थूल स्वरूपाचे आहेत.

• साधे मानवी इन्सुलिन : प्रारंभ ३० ते ६० मिनिटे, शिखर २ ते ४ तास, समाप्ती ५ ते ८ तास.
• शीघ्रप्रभावी (लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन) : प्रारंभ १० ते २० मिनिटे, शिखर १ ते ३ तास, समाप्ती ३ ते ५ तास.
• अतिशीघ्रप्रभावी : प्रारंभ शीघ्रप्रभावी रूपांपेक्षा काही मिनिटे आधी, शिखर साधारण १ ते ३ तास, समाप्ती ३ ते ५ तास, मोठ्या मात्रेत त्याहून अधिक.

श्वासावाटे घ्यावयाचे इन्सुलिन ('अफ्रेझा') हा वेगळा प्रकार आहे. त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. फुफ्फुसांतून शोषण होत असल्याने ते टोचावयाच्या रूपांपेक्षा जलद आहे. तरीही त्याचा पहिला मोजता येण्याजोगा परिणाम सुमारे १२ मिनिटांनी दिसतो आणि शिखर साधारण ३५ ते ५५ मिनिटांनी येते. दमा किंवा फुफ्फुसांचा दीर्घकालीन विकार असणाऱ्यांना ते देत नाहीत.

प्रचलित गैरसमज

'पंधरा मिनिटांत साखर उतरते'

या विधानात प्रारंभालाच पूर्ण परिणाम मानले जाते. पंधराव्या मिनिटाला इन्सुलिनचे काम नुकतेच सुरू झालेले असते. ग्लुकोमीटरवरील आकड्यात त्या वेळी फरक न दिसणे स्वाभाविक आहे. नुकतेच जेवण झाले असेल तर आकडा त्यानंतरही काही काळ वाढतच राहू शकतो. यावरून औषध निकामी आहे किंवा मात्रा कमी पडली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

'नवे इन्सुलिन दोन-तीन मिनिटांत काम करते'

अतिशीघ्रप्रभावी अस्पार्ट टोचल्यानंतर सुमारे २.५ ते ४ मिनिटांत रक्तात आढळते, ही नोंद खरी आहे. मात्र ती रक्तप्रवेशाची नोंद आहे. त्याच औषधाचा साखरेवरील पहिला मोजता येण्याजोगा परिणाम सुमारे १६ ते २० मिनिटांनी दिसतो. खऱ्या आकड्याला चुकीचा अर्थ जोडल्यामुळे हा दावा विश्वसनीय वाटतो, आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते.

'दुप्पट जलद'

अतिशीघ्रप्रभावी अस्पार्टच्या बाबतीत पहिल्या ३० मिनिटांत रक्तात पोहोचणारे इन्सुलिन साध्या अस्पार्टच्या सुमारे दुप्पट असते. जाहिरातवजा मजकुरात यातील 'पहिल्या ३० मिनिटांत' हे शब्द गळतात आणि 'दुप्पट' एवढाच शब्द उरतो. एकूण परिणाम दुप्पट होत नाही आणि तो निम्म्या वेळात संपतही नाही. दोन्ही रूपांच्या प्रारंभात फरक काही मिनिटांचाच असतो. जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यास ही काही मिनिटे उपयोगी पडतात, पण त्यांच्या भरवशावर वारंवार मात्रा घेणे सुरक्षित ठरत नाही.

'दोन तासांत परिणाम संपतो'

शिखर व समाप्ती यांच्या गोंधळातून ही समजूत निर्माण होते. दोन तासांनी परिणाम शिखराच्या जवळपास असतो किंवा नुकताच उताराला लागलेला असतो. त्या वेळी मात्रेचा साधारण निम्म्याच्या आसपासचा भाग अजून सक्रिय असतो. आधीची मात्रा पूर्णपणे संपली असे समजून दुरुस्तीची पुढची मात्रा घेतल्यास दोन्ही परिणाम एकत्र होतात.

'शीघ्र म्हणजे अधिक जोरकस'

शीघ्र हा शब्द वेळेचा निदर्शक आहे, बळाचा नाही. वर सांगितल्याप्रमाणे एककाला एकक अशी तुलना केल्यास दोन्ही प्रकारांची शक्ती सारखीच असते. शिखर लवकर व उंच येत असल्यामुळे परिणाम अधिक जाणवू शकतो. पण या समजुतीने मात्रा स्वतःहून कमी करणे आणि मंद इन्सुलिन कमी जोरकस मानून त्याची मात्रा वाढवणे, दोन्हीही घातक आहेत.

'स्नायूत टोचल्यास किंवा चोळल्यास लवकर उतरते'

स्नायूत रक्तपुरवठा अधिक असल्याने तेथून शोषण जलद होऊ शकते, विशेषतः तो स्नायू व्यायामात वापरला जात असेल तर. मात्र हे शोषण अनिश्चित असते. साखर किती व केव्हा उतरेल याचा अंदाज चुकतो आणि ती अकस्मात घसरू शकते. म्हणूनच लहान सुया व योग्य कोन वापरून इन्सुलिन त्वचेखालील मेदातच टोचण्याची शिफारस केली जाते. अत्यवस्थ रुग्णाला इन्सुलिन शिरेतून देण्याची पद्धत रुग्णालयात सतत देखरेखीखाली वापरतात. शिरेतील इन्सुलिनचा अर्धायुकाल अवघा काही मिनिटांचा असतो, त्यामुळे तेथील अनुभव घरच्या इंजेक्शनला लागू पडत नाही.

मात्रांचा साठा

आधीची मात्रा सक्रिय असताना पुढील मात्रा घेत गेल्यास शरीरात इन्सुलिन साठत जाते. यास मात्रांचा साठा होणे असे म्हणता येईल. पुढील उदाहरण काल्पनिक असून केवळ गणित समजण्यासाठी दिले आहे. इन्सुलिनच्या १ एककाने साखर किती उतरते हे प्रत्येक व्यक्तीत वेगळे असते.

समजा, एका व्यक्तीची साखर १ एककाने ४० मिलिग्राम प्रति डेसिलिटरने उतरते. रात्री ९ वाजता तिची साखर २८० आहे. ती ४ एकके घेते. या मात्रेने पुढील चार-पाच तासांत साखर १६० ने उतरून १२० च्या आसपास यायला हवी. साडेनऊला साखर २७० दिसते. 'काहीच फरक नाही' असे वाटून ती आणखी ४ एकके घेते. सव्वादहाला साखर २४० दिसते आणि ती पुन्हा ३ एकके घेऊन झोपी जाते. एकूण ११ एकके झाली. कागदावरील हिशेबाने त्यांची साखर उतरवण्याची क्षमता ४४० आहे, आणि सुरुवातीची साखर होती २८०. पहिली मात्रा पुरेशी होती. उणीव होती ती केवळ वाट पाहण्याची. साखर सर्वाधिक वेगाने घसरण्याचा काळ मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे ती व्यक्ती झोपेत असताना येतो.

हा धोका टाळण्यासाठी इन्सुलिन पंपांमध्ये सक्रिय इन्सुलिनचा हिशेब ठेवण्याची सोय असते. त्यासाठी प्रभावकालाचा आकडा पंपात भरावा लागतो. तो वास्तवापेक्षा कमी, उदाहरणार्थ २ तास, भरल्यास पंप शिल्लक इन्सुलिन शून्य समजतो आणि गरजेपेक्षा मोठी मात्रा सुचवतो. पंप न वापरणाऱ्यांना मात्रा व वेळ यांची लेखी नोंद ठेवणे उपयोगी पडते.

सतत ग्लुकोज मोजणारे संवेदक वापरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक विलंब मिसळतो. हे संवेदक रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतालच्या द्रवातील ग्लुकोज मोजतात. साखर वेगाने बदलत असताना त्यांचा आकडा रक्तातील आकड्याच्या काही मिनिटे मागे असू शकतो. त्यामुळे परिणाम सुरू झाला असतानाही पडद्यावर तो दिसत नाही.

याचा अर्थ साखर कितीही वेळ वाढलेली राहिली तरी स्वस्थ बसावे, असा नाही. प्रभावकाल उलटून गेल्यावरही साखर उतरली नसेल, तर इन्सुलिन खराब झाले आहे का, पेनची सुई बंद पडली आहे का, पंपाची नळी निघाली आहे का, हे तपासावे लागते. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे किंवा लघवीत कीटोन आढळणे ही कीटोआम्लतेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

प्रभावकाल बदलणारे घटक

• मात्रा : मोठ्या मात्रेचे शोषण मंद होते व परिणाम लांबतो.
• जागा : साधारणपणे पोटावरून शोषण सर्वांत जलद, दंडावरून मध्यम, मांडी व नितंबावरून मंद होते. शीघ्रप्रभावी रूपांत हा फरक तुलनेने कमी असतो.
• गाठी : एकाच जागी वारंवार टोचल्याने त्वचेखाली मेदाच्या गाठी होतात. तेथे टोचणे कमी दुखते, म्हणून रुग्ण तीच जागा निवडतो. पण गाठींमधून शोषण मंद व अनियमित होते.
• उष्णता व व्यायाम : गरम पाण्याने स्नान, कडक ऊन व व्यायाम यांमुळे त्वचेखालील रक्तप्रवाह वाढतो आणि शोषण जलद होते.
• मूत्रपिंडाचा विकार : इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचे काम मंदावल्याने परिणाम लांबतो.
• साठवण : अति उष्णतेने इन्सुलिनची शक्ती घटते, तर गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही.

हे सर्व घटक सारखे ठेवले तरी एकाच व्यक्तीत निरनिराळ्या दिवशी त्याच मात्रेचा परिणाम काहीसा वेगळा होतो. त्यामुळे 'मला तर अर्ध्या तासात फरक पडतो' हा एखाद्याचा प्रामाणिक अनुभवही दुसऱ्यासाठी नियम ठरू शकत नाही.

जेवण आणि मात्रेची वेळ

साधे मानवी इन्सुलिन जेवणाच्या सुमारे ३० मिनिटे आधी घेतात. शीघ्रप्रभावी इन्सुलिन सामान्यतः जेवणाच्या १५ मिनिटे आधीपासून जेवणास बसेपर्यंत घेण्यास सांगितले जाते. अतिशीघ्रप्रभावी रूपे जेवणाच्या आरंभी किंवा जेवण सुरू झाल्यापासून २० मिनिटांच्या आत घेता येतात. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. लग्नसमारंभात पंगतीला वेळ लागणे किंवा प्रवासात जेवण न मिळणे, अशा प्रसंगी ही अडचण उद्भवते.

तेल-तूप व प्रथिने अधिक असलेल्या जेवणात जठरातून अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो. अशा वेळी इन्सुलिनचे शिखर आधी व साखरेचे शिखर नंतर येते. आधी साखर उतरते आणि तीन-चार तासांनी ती वाढलेली आढळते. हे इन्सुलिन 'लवकर संपल्याचे' लक्षण मानले जाते, परंतु त्याचे कारण बहुतांशी जेवणाच्या घटकांत असते.

भारतातील विशेष बाबी

भारतात मानवी इन्सुलिनच्या बाटल्या मोठ्या प्रमाणावर 'यू-४०', म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० एकके, या तीव्रतेच्या मिळतात. शीघ्रप्रभावी इन्सुलिनच्या बाटल्या व पेनमधील नळ्या 'यू-१००', म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १०० एकके, या तीव्रतेच्या असतात. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात. यू-४० सिरिंजचे टोपण लाल, तर यू-१०० सिरिंजचे नारिंगी असते. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजने घेतल्यास अपेक्षेच्या अडीचपट मात्रा शरीरात जाते. साखर 'झपाट्याने' उतरल्याच्या अनुभवामागे औषधाच्या वेगाऐवजी अशी चूकही असू शकते.

दुसरी बाब मिश्र इन्सुलिनची. '३०/७०' किंवा 'मिक्स' असे लिहिलेल्या बाटल्या व पेन भारतात फार प्रचलित आहेत. शीघ्रप्रभावी अस्पार्टच्या अशा मिश्रणात ३० टक्के भाग शीघ्रप्रभावी, तर ७० टक्के भाग प्रोटामिनयुक्त मंद इन्सुलिनचा असतो. त्यांची व्यापारी नावे मूळ शीघ्रप्रभावी औषधाशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे रुग्ण शीघ्रप्रभावी इन्सुलिनचा तक्ता मिश्र इन्सुलिनला लागू करण्याची शक्यता असते. मिश्रणाचा परिणाम बारा तासांहून अधिक काळ टिकत असल्याने जेवणाबाहेर दुरुस्तीसाठी त्याची जादा मात्रा घेणे अधिक धोकादायक आहे. मिश्रण दिसायला दुधाळ असते, तर शीघ्रप्रभावी इन्सुलिन पाण्यासारखे स्वच्छ असते.

उन्हाळ्यातील तापमान ही तिसरी बाब. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरात असलेले इन्सुलिन खोलीच्या तापमानात, सामान्यतः ३० अंशांच्या आत, बहुतेक रूपांत २८ दिवस चालते. शीतकपाट नसलेल्या घरांत ते ओलसर मातीच्या मडक्यात ठेवण्याची रीत आहे आणि तिचा उपयोग होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये श्वासावाटे घ्यावयाच्या इन्सुलिनच्या भारतातील वितरणासाठी मुंबईस्थित सिप्ला या कंपनीला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली.

अल्पशर्करा व प्रथमोपचार

रक्तशर्करा ७० मिलिग्राम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास त्या अवस्थेस अल्पशर्करा म्हणतात. ५४ च्या खालील पातळी अधिक गंभीर समजली जाते. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे होत. उपचार न झाल्यास झटके येऊन शुद्ध हरपू शकते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही व्यक्तींना ही पूर्वसूचक लक्षणे जाणवत नाहीत.

रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर (साधारण तीन चहाचे चमचे) पाण्यातून देतात आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासतात. ती ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा देतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीस ग्लुकागॉन किंवा शिरेतून ग्लुकोज देण्यासाठी तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी लागते. एकदा साखर वर आली तरी सक्रिय इन्सुलिन शिल्लक असल्यास ती पुन्हा घसरू शकते. म्हणून त्यानंतर काही खाणे व पुढील काही तास लक्ष ठेवणे आवश्यक असते.

दाव्यांची पडताळणी

इन्सुलिनच्या वेगाविषयीचे कोणतेही विधान तपासताना पुढील प्रश्न उपयोगी पडतात.

• सांगितलेला आकडा रक्तप्रवेशाचा, प्रारंभाचा, शिखराचा की समाप्तीचा आहे?
• औषधाचे पूर्ण नाव दिले आहे का, आणि ते शुद्ध शीघ्रप्रभावी आहे की मिश्र?
• आकडा त्वचेखालील इंजेक्शनचा आहे की शिरेतून दिलेल्या मात्रेचा?
• तो किती मात्रेसाठी आहे?
• तो चाचणीतील सरासरी आहे की एका व्यक्तीचा अनुभव?

औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रकात प्रारंभ, शिखर व समाप्ती हे आकडे सहसा स्वतंत्रपणे दिलेले असतात. औषधाचे नाव सारखे असले तरी जुनी माहिती नव्या रूपाला लागू होईलच असे नाही, म्हणून हाती असलेल्या औषधाचेच पत्रक पाहणे योग्य ठरते. दुरुस्तीची मात्रा किती घ्यावी आणि दोन मात्रांमध्ये किमान किती तासांचे अंतर ठेवावे, हे उपचार करणारे डॉक्टर रुग्णाचे वय, वजन, आहार व मूत्रपिंडाची स्थिती पाहून ठरवतात. ते अंतर लिहून घेणे व घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही सांगून ठेवणे हितावह असते.